वजन जातं कुठे?

आमच्या वाईत वजनाला मान आहे. घाटावरचा गणपती अखंड दगडातला, अंगाने भरलेला, आणि त्याचं नावच मुळी ढोल्या गणपती. लहानपणी मला कोणी ढोली म्हणून चिडवलं की आजी म्हणायची, "म्हणू दे गं, देवाचं नाव आहे." अशा गावात, आमच्याच पडवीत, गेल्या मे महिन्यात दहा-बारा पोरं शंभर-शंभर ग्रॅमसाठी तावातावाने भांडत होती.

तर झालं असं. माझा भाचा सांगलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. कॉलेजची पोरं मिळून एका माणसाची, उघड्या चाकांची रेसची गाडी बनवतात आणि स्पर्धेला नेतात. हा प्रकार अमेरिकेत १९८१ साली सुरू झाला. आपल्याकडे कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर 'फॉर्म्युला भारत' नावाची अशीच स्पर्धा भरते. पोरांनीच डिझाइन करायचं, पोरांनीच वेल्डिंग करायचं आणि पैसेही पोरांनीच गोळा करायचे. मोठ्या शहरातल्या कॉलेजांना प्रायोजक मिळतात. आमच्या पोरांना मिळाले ते दोन पेट्रोल पंपवाले, एक मंगल कार्यालय आणि भाच्याचे वडील, म्हणजे आमचे बंधुराज.

गाडीचा सांगाडा स्टीलच्या नळ्यांचा. इंजिन चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० मोटरसायकलचं, तेही जुनं. हे सगळं झाल्यावर उरलं ते वरचं कवच. नाक, दोन्ही बाजूंचे पत्रे, मागचं झाकण. पोरं त्याला 'बॉडी पॅनेल' म्हणतात. कार्बन फायबरचा भाव ऐकून सगळे गप्प झाले, आणि मग भाच्याचा फोन आला.

"आत्या, पडवी मिळेल का पंधरा दिवस? फायबरग्लासचं काम करायचंय. होस्टेलवर वास येतो म्हणून हाकललं."

वास येतो हे त्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. भाचा येणार, पंधरा दिवस घर भरणार, एवढंच ऐकलं.

ज्यांना फायबरग्लास म्हणजे नुसती बाथरूमची दारं माहीत आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. (मलाही मेपर्यंत तेवढंच माहीत होतं.) आधी हव्या त्या आकाराचा एक नमुना करायचा. त्यावरून साचा काढायचा. साच्याला आतून मेण घासायचं, चार-पाच हात, म्हणजे वस्तू चिकटत नाही. मग काचेच्या तंतूंची मॅट किंवा विणलेलं कापड अंथरायचं आणि ब्रशने रेझिन भरायचं. रेझिन म्हणजे मधासारखा दाट द्रव. त्यात थोडा कोबाल्ट आणि शेकडा एक-दोन टक्के हार्डनर घातला की अर्ध्या तासात ते घट्ट होऊ लागतं. रोलर फिरवून आतली हवा काढायची, वाळू द्यायचं, साच्यातून सोडवायचं, कडा कापायच्या. यंत्र असं काही लागत नाही. एक वजनकाटा लागतो, तो माझ्या स्वयंपाकघरातून गेला. परत आला नाही, म्हणजे मीच घेतला नाही.

पहिला दिवस थर्माकोलने गाजवला. नाकाचा नमुना पोरांनी थर्माकोलचा कोरला होता, सुंदर, अगदी माशाच्या तोंडासारखा. आमच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत अशीच माशाच्या आकाराची आहे. १७६२ साली रास्त्यांनी देऊळ बांधलं तेव्हा कृष्णेच्या पुराचं पाणी दोन्ही बाजूंनी कापलं जावं म्हणून ती तशी केली. मी पोरांना मुद्दाम घाटावर नेऊन ती दाखवली होती. तर त्या थर्माकोलवर एका उत्साही मुलाने थेट रेझिन फासलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत मासा विरघळला. रेझिनमध्ये स्टायरिन असतं, ते थर्माकोल खातं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला हे कळायला तीन मिनिटं लागली. दुसरा नमुना केला तेव्हा वर प्लास्टरचा थर दिला, घासून गुळगुळीत केला, रंग मारला आणि मगच रेझिनला हात लावला.

चार दिवसांनी पहिलं नाक साच्यातून निघालं. टाळ्या, फोटो, पेढे. मी म्हटलं, वजन करा. काट्याने दाखवलं ६ किलो ९०० ग्रॅम. ठरलं होतं दोनच्या आत.

बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, त्यामुळे मी वही घेऊन बसले. नाकाचं क्षेत्रफळ सव्वा चौरस मीटरच्या आसपास. मॅट ४५० ग्रॅमची, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम काच. तिचे तीन थर. काच झाली साधारण १६०० ग्रॅम. रेझिन तिच्या अडीचपट ओतलेलं, ४ किलो. बाहेरून जेलकोट नावाचा चकचकीत थर असतो, तो ब्रशने जाड लावलेला, आणखी सव्वा किलो. हिशेब जुळला. ताकद असते काचेत. रेझिनचं काम काचेला जागेवर धरून ठेवायचं. पोरांनी भीतीपोटी रेझिन ओतलं होतं, पाहुणे येणार म्हणून आपण आमटीत पाणी वाढवतो तसं.

इथे मामा आले. मामा म्हणजे आमच्या भागातले फायबरचं काम करणारे कारागीर. वाई-मेणवलीला सिनेमावाले सारखे येतात, 'स्वदेस'चं गावही इथलंच, त्यामुळे खोटे खांब आणि खोट्या मूर्ती करणारे हात गावाला नवीन नाहीत. मामांनी तेही केलंय, दारं केलीत, टाक्या केल्यात, गणपतीचे साचे केलेत. त्यांनी नाक बोटाने वाजवलं आणि म्हणाले,

"बाई, काच कमी न् रेझिन जास्त झालंया. ह्यो नाक न्हाय, पाण्याची टाकी हाय."

मग मामांनी तीन दिवस पोरांना शिकवलं. जेलकोट काढून टाका, स्टिकर लावायचेच आहेत तर चकाकी कशाला. तीन थर नकोत, ३०० ग्रॅमची एक मॅट आणि २०० ग्रॅमचं एक विणलेलं कापड पुरे. विणलेलं कापड आपल्या वजनाइतकंच रेझिन पितं, मॅट दुपटीच्या वर पिते, म्हणून मॅट जपून. काच आधी वजन करून कापायची, रेझिनही वजन करूनच भांड्यात घ्यायचं, आणि संपलं की संपलं. पातळ झालं, लवतंय, तर सगळीकडे जाडी वाढवायची नाही. सपाट भागाला मागून एक-दोन बरगड्या द्यायच्या. पुठ्ठ्याची नळी उभी चिरून आत ठेवायची आणि तिच्यावरून कापडाची पट्टी फिरवायची. बाकी ताकद आकारातून येते. साधा कागद आडवा धरला तर मान टाकतो, घडी घातली की उभा राहतो, हे मी सहावीच्या वर्गात करून दाखवायचे. इथे तेच सव्वा मीटरभर.

दुसरं नाक १ किलो ९०० ग्रॅम भरलं. पाच किलो गेले! पोरांनी मामांना खांद्यावर घेतलं. पहिलं नाक वितळवून परत वापरता येत नाही, एकदा घट्ट झालेलं रेझिन पुन्हा पातळ होत नाही, म्हणून ते आता परसात पालथं पडलंय आणि त्याखाली शेजारची कुत्री व्याली आहे. चारही पिल्लं खुशाल आहेत :)

इथपर्यंतची गोष्ट सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. बंधुराजांनी फोटो सगळ्यांना पाठवलेत. मला लिहायचंय ते ह्यापुढचं.

आठव्या दिवशी दुपारी हार्डनरची बाटली उघडताना एका मुलाच्या डोळ्याजवळ थेंब उडाला. मामांनी क्षणभरही न थांबता त्याची मान धरली, अंगणातल्या नळाखाली नेली आणि पाणी सोडलं. मुलगा ओरडत होता, सोडा, बरं वाटतंय. मामांनी सोडलं नाही. मी घड्याळ लावून उभी होते, पंधरा मिनिटं. मग साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. बुबुळ वाचलं होतं. डॉक्टर म्हणाले, लगेच धुतलं म्हणून. हा हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. शिवाय तो कोबाल्टमध्ये थेट मिसळला तर भडका उडू शकतो, म्हणून आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचा आणि नंतरच हार्डनर. हे सगळं डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. वाचलं कोणीच नव्हतं. मीही नाही, आणि पडवी माझी होती.

परत येताना गाडीत मी मामांना विचारलं, तुम्हाला इतकं पक्कं कसं ठाऊक? ते म्हणाले, "बरोबरच्याचा गेला ना एक डोळा. तवापासनं."

त्या रात्री मी मामांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. बोटांची कातडी सुकून भेगाळलेली. नाकावर रुमाल, तोही कापताना धूळ उडते तेव्हाच. दोन वाक्यं बोलले की एक खोकला. काम करताना विडी मात्र ओढत नाहीत. स्टायरिनची वाफ पेट घेते, हे माहीत आहे. ती वाफ छातीत जाते त्याचं काय, विचारलं तर हसून म्हणाले, "वास कुठं येतोय आता."

वास येत नाही, कारण नाक थकतं. स्टायरिनचा वास हवेत अगदी किंचित असला तरी नवख्याला येतो, आणि रोजच्या माणसाला काही वेळाने येईनासा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरिनला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' ह्या गटात टाकलं. काचेची धूळ ॲस्बेस्टॉससारखी नाही, तसं घाबरवायला नको, पण कातडी आणि घसा ती सोलून काढते. रुमालाने थोडी धूळ अडते, वाफ अजिबात अडत नाही. वाफेला कोळशाच्या डब्या लावलेला मास्क लागतो. हजार-दोन हजारांत येतो.

आता खर्चाचा तक्ता. ह्या स्पर्धेत गाडी नुसती पळवून चालत नाही. खर्चाचा हिशेब मांडायला वेगळे १०० गुण असतात, डिझाइनला १५०. स्क्रूपर्यंतचा हिशेब द्यावा लागतो. भाच्याने तो मला तपासायला दिला, आत्या गणिताची म्हणून. मॅट इतकी, रेझिन इतकं, मेण, ब्रश, पुठ्ठा. सगळं चोख. मजुरीच्या रकान्यात पोरांचे तास, ठरलेल्या दराने. मामांचे तास कुठे आहेत, विचारलं.

"ते आपले प्रेमाने आले होते ना आत्या. पैसे घेतलेच नाहीत."

खरं होतं. मामांनी पैसे घेतले नव्हते, मी दिलेलं पाकीट परत केलं होतं. मास्कचा रकानाही नव्हता, कारण मास्कच नव्हते. हातमोजे होते, पण शंभराची एक पेटी बाराजणांत तिसऱ्या दिवशी संपली आणि पुन्हा आणली नाही, बजेट नव्हतं. त्याच आठवड्यात टीमचे टी-शर्ट छापून आले होते.

मी रागावले. माझ्या रागाला शाळेतही कोणी फार घाबरत नसे, पण त्या रात्री पोरं गप्प बसली. मी एवढंच विचारलं, तुम्ही पाच किलो कमी केलेत, ते गेले कुठे?

त्यांना वाटलं, मी रेझिनबद्दल विचारतेय.

माझं म्हणणं सांगते. गाडी हलकी करणं हे उत्तम काम आहे आणि ते स्वस्तात करणं त्याहून उत्तम. पण स्वस्ताईचे दोन प्रकार असतात. एक, डोकं चालवून नको ते काढून टाकणं. जेलकोट काढला, एक थर काढला, आकाराला कामाला लावलं. ह्यात कोणाचंच काही गेलं नाही, उलट सामानही वाचलं. दुसरी स्वस्ताई म्हणजे खर्च दिसेनासा करणं. मास्क आणला नाही, पंखा लावला नाही, उस्तादाचे तास लिहिले नाहीत. हा खर्च गाडीवरून उतरतो आणि कोणाच्या तरी छातीवर, कातडीवर, डोळ्यावर चढतो. काटा फक्त गाडीखाली ठेवला तर दोन्ही स्वस्ताया सारख्याच दिसतात. म्हणूनच दुसरी करणं इतकं सोपं जातं.

आणि फायबरग्लासमध्ये हे जास्तच सोपं जातं, कारण ही वस्तूच मुळी कमी भांडवलाची. पत्र्याची गाडी करायची तर दाब देणारी मोठी यंत्रं लागतात, त्यांचे साचे लागतात, हजारो गाड्या विकल्या तरच ते परवडतं. थोड्या गाड्या करायच्या असतील तर साचा, काच, रेझिन आणि माणसाचे हात पुरतात. १९५३ साली अमेरिकेत पहिली कॉर्व्हेट आली ती फायबरग्लासच्या कवचाची, त्या वर्षी जेमतेम ३०० गाड्या बनल्या, बऱ्याचशा हातानेच. १९५७ साली इंग्लंडात लोटसने एलीट नावाची गाडी काढली, तिचा तर सांगाडाही फायबरग्लासचा. आपल्याकडे १९८०च्या दशकात बंगळूरच्या सिपानी कंपनीची डॉल्फिन होती, फायबरच्या कवचाची छोटी गाडी. हलकी म्हणून शर्यतीवाल्यांना आवडायची. कोइमतूरच्या करिवर्धन ह्यांनी मारुती ८००चं इंजिन घालून एका माणसाच्या रेसगाड्या बनवल्या आणि मध्यमवर्गातल्या पोरांना शर्यतीचं दार उघडून दिलं. १९९५ साली विमान अपघातात ते गेले. करी मोटर स्पीडवे हे नाव त्यांचंच. आपल्या महाराष्ट्रातही अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने इसुझूच्या १.८ लिटर इंजिनाची उघडी रोडस्टर बनवली, कवच फायबरग्लासचं. त्या लोकांचा हात आधी बोटींवर बसलेला.

ही सगळी माणसं मला फार आवडतात. कमी पैशांत मोठं काहीतरी करणारी माणसं कोणाला आवडणार नाहीत? पण ह्या गोष्टी वाचताना डिझाइन करणाऱ्याचं नाव सापडतं, चालवणाऱ्याचं सापडतं, साच्यात वाकून रोलर फिरवणाऱ्याचं सापडत नाही. यंत्राच्या जागी माणूस बसवला म्हणून गाडी स्वस्त झाली, तर यंत्राला जेवढं तेलपाणी केलं असतं तेवढं तरी माणसाला करायला नको का?

आमच्या सातारा-सांगलीत शर्यत म्हटलं की आधी बैलगाडी आठवते. तो छकडाही होता होईल तो हलकाच करतात. त्या शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली, २०२१च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३च्या मे महिन्यात पाच न्यायमूर्तींनी राज्याचा कायदा ग्राह्य धरला. ह्या सगळ्या वर्षांत आमच्याकडे पारापारावर वाद झाले. तुमचं मत कोणतंही असो, एक गोष्ट मान्य करावी लागेल. त्या वादात मुद्दा एकच होता, आपल्या शर्यतीसाठी बैलाने काय सोसायचं. तो विचारला गेला हे चांगलंच झालं. मग मामांनी काय सोसायचं, हेही कोणीतरी विचारायला हवं ना?

भाच्याचा युक्तिवाद मी प्रामाणिकपणे मांडते, कारण तो अगदीच चुकीचा नाही. तो म्हणाला, "आत्या, पंधरा दिवसांनी कोणाला काही होत नाही. आणि एवढे नियम लावलेस तर आमच्यासारख्या कॉलेजांनी गाडी बनवायचीच नाही का? ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनीच बनवायची?"

पहिल्या मुद्द्याला उत्तर सोपं आहे. पंधरा दिवस तुमचे, मामांची वर्षं किती? आणि डोळ्याला पंधरा दिवस लागत नाहीत, एक थेंब पुरतो. दुसरा मुद्दा मला झोपू देईना. कारण नियम पुष्कळदा खरोखरच गरिबाला बाहेर ठेवतात, हे मी शाळेत बत्तीस वर्षं पाहिलंय. गणवेश सक्तीचा केला की आधी कोण गळतं ते मला विचारा. पण मी वही काढली. बाराजण एकाच वेळी रेझिनला बसत नाहीत, तिघे बसतात. तीन मास्क, मामांचा चौथा. चष्मे, मोज्यांच्या चार पेट्या, एक मोठा पंखा, तो घरातलाच. सगळं मिळून टी-शर्टांपेक्षा कमी भरलं. मास्क न आणल्याने बजेट वाचलंच नव्हतं. आणायचं कोणाला सुचलं नव्हतं, एवढंच.

दुसरंही एक आहे. पोरं इंजिनिअर होणार आहेत. मामांनी त्यांना हात दिला, त्यांनी मामांना काय दिलं? साच्यावर कोरडं कापड अंथरून वरून प्लास्टिक सील करायचं, आतली हवा पंपाने ओढून घ्यायची आणि मग रेझिन आत खेचू द्यायचं, अशी एक पद्धत आहे. वाफ खूप कमी बाहेर पडते आणि रेझिनही नेमकं लागतं, म्हणजे वस्तू हलकी होते. त्यासाठी महागडा पंपच हवा असंही नाही. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर छोट्या कामाला चालतो. भाच्याला हे आधीपासून ठाऊक होतं, पेपरात लिहिलंही होतं. म्हटलं, मग परीक्षेपुरतंच का? भंगारवाल्याकडून कॉम्प्रेसर आला. बाजूचं पहिलं पॅनेल फसलं, कडेने हवा शिरली आणि अर्धं कापड कोरडं राहिलं. दुसरं नीट निघालं. मामा त्या प्लास्टिकखाली रेझिन आपोआप पसरताना लहान मुलासारखे बघत होते. "हात न लावता?" असं तीनदा म्हणाले.

पडवीच्या अटी आता भिंतीवर लिहिल्यात. मास्क नाही तर रेझिन नाही. चष्मा नाही तर हार्डनरची बाटली उघडायची नाही. नळाला पाणी आहे का, ते आधी बघायचं. आणि तक्त्यात मामांचे तास लिहायचे, त्यांनी पैसे घेतले नाहीत तरी. एकूण एकोणतीस तास झाले होते. ते लिहिल्यावर गाडीची किंमत वाढली आणि पोरांचे तोंडं जरा उतरली. चालायचंच. ती तिची खरी किंमत आहे.

मामांनी मास्कला पहिले दोन दिवस खूप नावं ठेवली. घाम येतो, बोलता येत नाही, तंबाखू खाता येत नाही. तिसऱ्या दिवशी काढून खुंटीला लावला. मी काही बोलले नाही, नुसती दारात उभी राहिले. त्यांनी परत चढवला. पुढच्या आठवड्यात एकदा चहासाठी त्यांनी तो उतरवला, आत साच्याजवळ गेले आणि एकदम मागे आले.

"बाई," ते म्हणाले, "ह्याला एवढा वास असतो व्हय?"

मी चहा बाहेर अंगणात आणला.